वाद मिटेल तेव्हा मिटो, चौकशी आज हवी : जम्मू-काश्मीरमधील नागरिकांसाठी मागणीपत्र

प्रति,
१) मा. केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
२) मा. केंद्रीय संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
३) मा. नायब राज्यपाल व मा. मुख्यमंत्री, जम्मू-काश्मीर केंद्रशासित प्रदेश
४) मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई
५) महाराष्ट्रातून निवडून गेलेले लोकसभा व राज्यसभेचे सर्व मा. सदस्य

विषय : जम्मू-काश्मीरमध्ये नागरिकांचे मृत्यू, बेपत्ता होणे, विनाखटला स्थानबद्धता आणि विस्थापन यांबाबत मुदतबंद चौकशी, खटले व भरपाई मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

आम्ही महाराष्ट्रातले वकील, शिक्षक, डॉक्टर, पत्रकार, निवृत्त सरकारी कर्मचारी आणि विद्यार्थी. नागरी हक्कांच्या कामासाठी आमची संघटना एकत्र आली आहे. तिच्या सर्वसाधारण सभेत चर्चा होऊन संमत झालेल्या मागण्या कारणांसह आपणापुढे ठेवीत आहोत.

भूमिका

जम्मू-काश्मीरचा वाद १९४८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी आहे. हा संपूर्ण प्रदेश भारताचा अविभाज्य भाग असल्याचा ठराव संसदेने २२ फेब्रुवारी १९९४ रोजी एकमताने केला. पाकिस्तानला ते मान्य नाही आणि नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंना सैन्य उभे आहे. भूभाग कोणाचा, हा या मागणीपत्राचा विषय नाही. त्या भूभागावर राहणाऱ्या, तिथे नोकरीला किंवा मजुरीला गेलेल्या, चार दिवस फिरायला गेलेल्या निःशस्त्र माणसाचा जीव गेला तर त्याची चौकशी कोण करते, किती दिवसांत करते आणि त्या चौकशीचे पुढे काय होते, एवढेच आम्ही विचारतो आहोत.

असे विचारायचे कारण सांगतो. खोऱ्यातून परागंदा झालेल्या पंडितांनी १९८९-९० च्या हत्यांचे २१५ गुन्हे पुन्हा तपासावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. जुलै २०१७ मध्ये उत्तर मिळाले, की २७ वर्षे उलटली, आता पुरावा कुठून येणार? पथरीबलमध्ये सैन्याच्या गोळ्यांनी मारल्या गेलेल्या पाच गावकऱ्यांचे नातेवाईक चौदा वर्षे झगडले. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनाही उत्तर मिळाले, की पुरावा पुरेसा नाही. पंडित आणि मुसलमान, अतिरेक्यांचे बळी आणि सुरक्षा दलांचे बळी, यांची दुःखे एकमेकांसमोर उभी करून वाद घालण्याची सवय देशाला लागली आहे. सरकारी उत्तर मात्र दोघांनाही एकच मिळते : उशीर झाला, पुरावा नाही.

हा उशीर पीडितांनी केलेला नाही. फिर्याद न नोंदवणे, नोंदवली तर तपास न करणे, तपास झाला तर परवानगी अडवून ठेवणे, ही सारी कामे ज्यांच्या हातात होती त्यांनीच उशीर केला. ज्याने उशीर केला त्याला उशिराचा फायदा मिळता कामा नये. या मागणीपत्रातली प्रत्येक मागणी या एका तत्त्वातून निघाली आहे.

महाराष्ट्रातून का?

पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणावर २२ एप्रिल २०२५ रोजी अतिरेक्यांनी २६ जणांना मारले. त्यांत डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे आणि पनवेलचे एक असे सहा जण आपल्या राज्याचे होते. पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही त्यांत मारला गेला. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. १९९० नंतर विस्थापित पंडितांच्या मुलांना महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी राखीव जागा दिल्या. आणि याच महाराष्ट्रात, फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर, यवतमाळमध्ये शिकणाऱ्या काश्मिरी मुलांना मारहाण झाली. काश्मीरचे जे काही होते त्याची झळ आणि त्याची लाज या दोन्ही गोष्टी इथवर पोचतात. म्हणून बोलण्याचा आम्हाला अधिकार आहे, आणि तसे आमचे कर्तव्यही आहे.

मागण्या आणि त्यांची कारणे

मागणी १ : खटल्याच्या परवानगीचा निर्णय १२० दिवसांत व्हावा. नकार दिल्यास लेखी कारणे पीडितांच्या कुटुंबाला द्यावीत.

सशस्त्र दले (जम्मू-काश्मीर) विशेषाधिकार कायदा १९९० सालचा. त्याच्या कलम ७ नुसार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय सैनिकावर खटला भरता येत नाही. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. गावकरी ठाण्यात जातात. फिर्याद नोंदवली गेलीच तर पोलीस तपास करतात. तपासात सैनिकाविरुद्ध पुरावा मिळाला तर कागद श्रीनगरला गृहखात्यात जातो, तिथून दिल्लीत संरक्षण मंत्रालयात, आणि तिथे थांबतो. किती दिवस थांबायचे हे कायद्यात लिहिलेले नाही. नकार कळवलाच पाहिजे असेही नाही.

धुळ्याचे तेव्हाचे खासदार आणि संरक्षण राज्यमंत्री डॉ. सुभाष भामरे यांनी १ जानेवारी २०१८ रोजी राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तराप्रमाणे, जम्मू-काश्मीरमधून अशा परवानगीसाठी आलेल्या ५० प्रकरणांपैकी ४७ नाकारली गेली आणि ३ प्रलंबित होती. परवानगी मिळालेले प्रकरण शून्य. फिर्यादी खोट्या असू शकतात, काही असतीलही. पण पन्नासपैकी एकही न्यायालयात तपासून पाहण्याजोगी नव्हती, हे पटण्यासारखे नाही.

यावरचा उपाय सरकारनेच शोधून ठेवला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम २१८ मध्ये लोकसेवकावरील खटल्याच्या परवानगीसाठी १२० दिवसांची मुदत घातली आहे. मुदतीत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे समजायचे. इतर लोकसेवकांना लागू असलेला हा नियम कलम ७ ला लागू करण्यात अडचण कोणती? मणिपूरमधील १,५२८ कथित बनावट चकमकींच्या प्रकरणात ८ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की अशांत क्षेत्रातही जादा बळ वापरणाऱ्याला सरसकट अभय नाही. ईशान्येला लागू असलेला असाच कायदा संपूर्ण रद्द करावा अशी शिफारस न्या. जीवन रेड्डी समितीने २००५ मध्ये केली होती. जम्मू-काश्मीरच्या कायद्याबाबत आमचीही अंतिम मागणी तीच आहे. तोवर निदान मुदत घाला. मेघालयातून २०१८ मध्ये ईशान्येचा तो कायदा पूर्ण उठला, ईशान्येतल्या अनेक जिल्ह्यांतून २०२२ पासून टप्प्याटप्प्याने उठला. जम्मू-काश्मीरमध्येही जिल्हावार आढावा घेऊन त्याची सुरुवात करावी.

मागणी २ : नागरिकाच्या खुनाचा, बलात्काराचा व कोठडीतील मृत्यूचा खटला सर्वसाधारण फौजदारी न्यायालयात चालावा.

तीन प्रकरणे शेजारी ठेवतो.

पथरीबल, अनंतनाग. २० मार्च २००० रोजी छत्तीसिंगपोऱ्यात अतिरेक्यांनी ३५ शिखांना रांगेत उभे करून मारले. पाच दिवसांनी, त्या हत्याकांडातले पाच परदेशी अतिरेकी पथरीबलला चकमकीत ठार केल्याचे जाहीर झाले. ते आसपासच्या गावांतले रहिवासी असल्याचे लोक म्हणू लागले. मृतदेह उकरले, डीएनए चाचणीसाठी नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने पाठवले. त्या नमुन्यांत फेरफार झाला होता. स्त्रीच्या नावाने पाठवलेले रक्त पुरुषाचे निघाले. नव्याने नमुने घेतल्यावर मृत स्थानिकच असल्याचे सिद्ध झाले. सीबीआयने २००६ मध्ये पाच लष्करी अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. मे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्कराला निवड करायला सांगितले, लष्करी न्यायालय की साधे न्यायालय. लष्कराने प्रकरण आपल्याकडे घेतले आणि जानेवारी २०१४ मध्ये बंद केले.

माछिल, कुपवाडा. एप्रिल २०१० मध्ये बारामुल्ला जिल्ह्यातल्या नादिहाल गावच्या तिघांना सैन्यासाठी हमालीचे काम देतो म्हणून नियंत्रण रेषेजवळ नेले, मारले आणि घुसखोर म्हणून दाखवले. त्यावरून पेटलेल्या उन्हाळ्यात खोऱ्यात शंभरावर जीव गेले. लष्करी न्यायालयाने पाच जणांना जन्मठेप दिली. जुलै २०१७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाने शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला.

अम्शीपोरा, शोपियाँ. १८ जुलै २०२० रोजी तीन अतिरेकी ठार झाल्याची बातमी आली. राजौरीच्या डोंगरातल्या कुटुंबांनी समाजमाध्यमांवरच्या छायाचित्रांत आपली मुले ओळखली. सफरचंदाच्या मुलखात मजुरीला गेलेली ती पोरे होती. लष्कराने स्वतः चौकशी केली, कॅप्टनला दोषी धरले, मार्च २०२३ मध्ये जन्मठेपेची शिफारस झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तीही स्थगित झाली.

लष्कर कायद्याच्या कलम ७० नुसार नागरिकाच्या खुनाचा वा बलात्काराचा खटला लष्करी न्यायालयात चालत नाही. मात्र 'सक्रिय सेवे'त असलेल्याला त्यातून अपवाद आहे, आणि जम्मू-काश्मीरमध्ये तो अपवाद हाच नियम झाला आहे. साध्या न्यायालयाला परवानगी मिळत नाही आणि लष्करी न्यायालयाची शिक्षा टिकत नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी या कुटुंबांची गत आहे. अपवाद काढून टाकावा. लैंगिक अत्याचारांपुरती तर ही शिफारस न्या. जे. एस. वर्मा समितीने २०१३ मध्येच केली होती. कुनन-पोशपोरा येथील १९९१ च्या सामूहिक बलात्काराच्या आरोपांची फेरतपासणी राज्य मानवाधिकार आयोगाने २०११ मध्ये सुचवली होती, तीही पूर्ण करावी. पूंछमधल्या टोपा पीर गावच्या तिघांचा डिसेंबर २०२३ मध्ये सैन्याच्या ताब्यात असताना मृत्यू झाला. आदल्याच दिवशी त्या भागात चार जवान अतिरेक्यांच्या हल्ल्यात शहीद झाले होते. जवानांच्या मारेकऱ्यांना पकडणे हे सरकारचे काम आहे. त्याचा राग गावकऱ्यांवर काढणे नव्हे. या प्रकरणातल्या अंतर्गत चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करावा.

याने सैन्याचे मनोधैर्य खचेल, असा आक्षेप नेहमी येतो. आम्ही तो हलक्यात घेत नाही. आमच्या सभासदांत निवृत्त जवानांची कुटुंबे आहेत. पण अम्शीपोऱ्याच्या गुन्ह्याला दुजोरा दिला तो लष्कराच्याच चौकशीने. नियम पाळून लढणाऱ्या हजारोंची अब्रू वाचते ती नियम मोडणाऱ्या मोजक्यांना शिक्षा झाल्याने. आणि ज्या गावात तीन मजूर बनावट चकमकीत मारले जातात, त्या गावातून पुढच्या खऱ्या अतिरेक्याची खबर कोण देणार?

मागणी ३ : पंडित, शीख, डोगरा आणि मुस्लिम नागरिकांच्या अतिरेक्यांनी केलेल्या हत्यांच्या जुन्या गुन्ह्यांसाठी विशेष तपास पथक आणि विशेष न्यायालये स्थापन करावीत.

राज्य सरकारने मार्च २०१० मध्ये विधानसभेत दिलेल्या माहितीनुसार १९८९ ते २००४ या काळात २१९ पंडित मारले गेले. पंडितांच्या संघटना हा आकडा कितीतरी मोठा सांगतात. ज्या प्रदेशात मेलेल्यांचा सर्वमान्य आकडाही नाही, तिथे न्यायाची गोष्ट कुठून सुरू करायची? सप्टेंबर १९८९ मध्ये भाजपचे नेते टिकालाल टपलू, नोव्हेंबरमध्ये माजी न्यायाधीश नीळकंठ गंजू यांचे खून झाले. त्यानंतरच्या हिवाळ्यात हजारो कुटुंबे रातोरात घर सोडून जम्मूच्या छावण्यांत आली. वंधामा येथे जानेवारी १९९८ मध्ये २३, नादीमार्गला मार्च २००३ मध्ये २४ पंडित मारले गेले. त्यांत बायका-मुले होती. पिढी बदलली, खटले तसेच भिजत पडले आहेत.

उशिराची सबब का टिकत नाही, याचा दाखला दिल्लीत आहे. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराचे बंद झालेले १८६ गुन्हे पुन्हा तपासण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये पथक नेमले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका माजी खासदाराला ३४ वर्षांनी जन्मठेप झाली. दिल्लीत ३४ वर्षांनी जे होऊ शकते ते श्रीनगरमध्ये २७ वर्षांनी होऊ शकत नाही, असे म्हणायला आधार नाही.

जम्मू-काश्मीर प्रशासनाने २०२५ मध्ये अतिरेक्यांच्या बळींच्या वारसांना नोकरीची पत्रे द्यायला आणि काही जुनी प्रकरणे उघडायला सुरुवात केली, याची आम्ही नोंद घेतो आणि स्वागत करतो. ते काम एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर न राहता नियमाने चालावे. विस्थापितांना खोऱ्यात नोकऱ्या देणाऱ्या पंतप्रधान पॅकेजखाली परतलेल्या पंडित कर्मचाऱ्यांपैकी एकाची मे २०२२ मध्ये चाडूरा तहसील कचेरीत, खुर्चीवर बसलेला असताना हत्या झाली. राजौरीच्या ढांगरीत जानेवारी २०२३ मध्ये आणि गांदरबलच्या गगनगीरमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये, बोगद्याच्या कामावरचे मजूर व डॉक्टर धरून, प्रत्येकी सात जीव गेले. या ताज्या प्रकरणांचे खटले तरी दोन वर्षांत निकाली निघावेत. परतीची योजना आखताना सरकारी घरांचा आकडा जितका मोजला जातो, तितकाच निकाली निघालेल्या खटल्यांचाही मोजावा.

इथे दोन माणसांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. हृदयनाथ वांचू हे काश्मिरी पंडित, कामगार संघटनेचे नेते. सगळे निघून जात असताना ते श्रीनगरमध्ये थांबले आणि उचलून नेलेल्या मुस्लिम तरुणांसाठी न्यायालयात अर्ज करीत राहिले. डिसेंबर १९९२ मध्ये त्यांचा खून झाला. त्या प्रकरणात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. जलील अंद्राबी हे वकील, हेच काम करणारे. मार्च १९९६ मध्ये त्यांना उचलून नेले. काही दिवसांनी त्यांचा मृतदेह झेलममध्ये सापडला. आरोपी मेजर देश सोडून गेला आणि २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात आपल्या कुटुंबीयांना मारून त्याने आत्महत्या केली. त्याला भारतात एक दिवसही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले नाही. दोघांचे काम एक, दोघांचा शेवट एक. एकाच्या खुनाचा खटला शेवटास गेला, दुसऱ्याचा सुरूच झाला नाही. हा फरक पुसायचा, एवढेच आम्ही मागतो आहोत.

मागणी ४ : बेपत्ता व्यक्तींसाठी आयोग नेमावा, अनोळखी कबरींची डीएनए तपासणी करावी.

राज्य मानवाधिकार आयोगाच्या तपास पथकाला २०११ मध्ये बारामुल्ला, बांदीपोरा आणि कुपवाडा जिल्ह्यांतल्या ३८ ठिकाणी, अनोळखी म्हणून पुरलेले २,७३० मृतदेह असल्याचे आढळले. त्यांपैकी ५७४ जण पुढे स्थानिक रहिवासी म्हणून ओळखले गेले. उरले २,१५६. त्यांत परदेशी घुसखोर असतील, स्थानिक अतिरेकी असतील, आणि ज्यांची कोणी वाट पाहते आहे असे नागरिकही असतील. कोण किती, हे तपासल्याशिवाय सांगणार कसे? आयोगाने डीएनए तपासणी सुचवली. ती आजवर सर्वत्र झालेली नाही.

नवरा परत येत नाही आणि मेल्याचा कागदही मिळत नाही, अशा बायकांना काश्मीरमध्ये 'अर्धविधवा' म्हणतात. साक्षीपुराव्याच्या कायद्याप्रमाणे सात वर्षे बेपत्ता राहिल्यावरच मृत्यू गृहीत धरता येतो. तोवर जमीन नावावर होत नाही, बँकेतले पैसे निघत नाहीत, निवृत्तिवेतन सुरू होत नाही. परवीना आहंगर यांच्या मुलाला ऑगस्ट १९९० मध्ये उचलून नेले. त्यांनी बेपत्तांच्या पालकांची संघटना उभी केली. त्यांना परदेशात पुरस्कार मिळाले, मुलाचा पत्ता मिळाला नाही. या कुटुंबांना तात्पुरते निर्वाहवेतन, वारसा हक्क आणि डीएनए नमुने जुळवण्याची सोय हवी. सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००७ मध्ये आणि छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली आहे. दोन्हींना संसदेत मान्यता देऊन कायदा करावा. तसेच चकमकीत मेलेल्यांचे मृतदेह कुटुंबाला न देता दूर पुरण्याची २०२० पासूनची प्रथा बंद करावी. श्रीनगरच्या हैदरपोऱ्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये लोकांच्या रेट्यामुळे दोघांचे मृतदेह उकरून घरच्यांना द्यावे लागले. न्याय रेट्यावर अवलंबून नसावा.

मागणी ५ : सार्वजनिक सुरक्षा कायदा रद्द करावा.

१९७८ मध्ये शेख अब्दुल्लांच्या सरकारने लाकूडतस्करांना आवर घालण्यासाठी हा कायदा आणला. याखाली खटल्याशिवाय दोन वर्षांपर्यंत डांबता येते. २०१९-२० मध्ये याच कायद्याखाली शेख अब्दुल्लांचे चिरंजीव फारूक आणि नातू ओमर अब्दुल्ला यांना स्थानबद्ध केले गेले. दोघेही तेव्हा माजी मुख्यमंत्री होते. आयुष्यभर राजकारणात असलेल्यांची ही गत, तर बागायतदाराच्या पोराची काय कथा? २०१९ मध्ये कित्येकांना आग्रा, वाराणसी, बरेलीच्या तुरुंगांत हलवले. भेटीला जायचे तर गाडीभाड्यासाठी कर्ज काढावे लागे. न्यायालयाने जामीन दिला की त्याच माणसावर स्थानबद्धतेचा आदेश काढायचा, ही युक्ती पत्रकारांवरही वापरली गेली. गुन्हा असेल तर खटला भरा. खटला भरण्याइतका पुरावा नसेल तर सोडा.

मागणी ६ : पेलेट बंदुकीचा जमावावर वापर थांबवावा.

पेलेट झाडणाऱ्याला नेम धरता येत नाही. एका काडतुसातून शेकडो छर्रे पसरतात आणि दगडफेक्याबरोबर खिडकीत उभ्या असलेल्यालाही लागतात. जुलै २०१६ ते फेब्रुवारी २०१७ या काळात छर्ऱ्यांनी ६,२२१ जण जखमी झाल्याचे व त्यांत ७२८ जणांना डोळ्यांच्या इजा असल्याचे राज्य सरकारनेच सांगितले. नोव्हेंबर २०१८ मध्ये शोपियाँमध्ये घरात आईच्या कडेवर असलेल्या दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलीच्या डोळ्यात छर्रा गेला. दृष्टी गेलेल्यांना आयुष्यभराचे उपचार, शिक्षण आणि निवृत्तिवेतन द्यावे.

मागणी ७ : मानवाधिकार आयोग पुन्हा स्थापावा आणि त्याला दात असावेत.

ऑक्टोबर २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचा मानवाधिकार आयोग इतर सहा आयोगांसह गुंडाळला गेला. त्याच्यासमोरची प्रकरणे वाऱ्यावर पडली. राष्ट्रीय आयोगाचे कार्यालय श्रीनगरच्या माणसापासून फार लांब आहे. शिवाय मानवाधिकार संरक्षण कायदा, १९९३ च्या कलम १९ मुळे सशस्त्र दलांबाबत राष्ट्रीय आयोग फक्त केंद्राकडून अहवाल मागवू शकतो, स्वतः तपास करू शकत नाही. कलम १९ बदलावे, श्रीनगर व जम्मू येथे आयोगाची खंडपीठे सुरू करावीत.

मागणी ८ : माहिती व अभिव्यक्ती.

४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री बंद झालेले मोबाइल इंटरनेट पूर्ण वेगाने परत आले ते ५ फेब्रुवारी २०२१ रोजी. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. हा निकाल कागदावर न ठेवता पाळावा. नागरिकांच्या मृत्यूंची नोंद ठेवणारे खुर्रम परवेझ नोव्हेंबर २०२१ मध्ये अटकेत गेले. अशा कार्यकर्त्यांचे व पत्रकारांचे खटले त्वरित चालवावेत, चालत नसतील तर त्यांना जामीन द्यावा.

मागणी ९ : घरे उडवणे थांबवावे, सीमेवरच्या गावांना निवारा द्यावा.

पहलगामनंतर संशयित अतिरेक्यांच्या कुटुंबांची घरे स्फोटकांनी उडवली गेली. शेजारच्या घरांनाही तडे गेले. आरोपीचे घर न्यायप्रक्रियेविना पाडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजीच बजावले होते. पहलगामच्या सहा मराठी कुटुंबांना न्याय हवा आहे, एखाद्या म्हाताऱ्या आईचे छप्पर नको आहे. मे २०२५ मध्ये पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात पूंछ शहरात लहान मुलांसह नागरिक मेले. जम्मू भागासाठी १४,४६० बंकर मंजूर झाले होते. दाट वस्तीच्या शहरांसाठीही सामूहिक निवारे बांधावेत आणि घर व गुरे गेलेल्यांना हंगाम संपण्याआधी भरपाई द्यावी.

मागणी १० : महाराष्ट्र शासनाने काश्मिरी विद्यार्थ्यांच्या सुरक्षेचा नियम करावा.

२२ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांना काश्मिरींवरील हल्ले रोखण्याचे आदेश दिले. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यातल्या नोडल अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लावावा. विस्थापित पंडितांच्या मुलांच्या राखीव जागा चालू ठेवाव्यात. काश्मीरमध्ये मृत्यू पावलेल्या मराठी नागरिकांच्या कुटुंबांना खटल्याची प्रगती दर तीन महिन्यांनी लेखी कळवावी.

आणि पलीकडच्या बाजूचे काय?

हा प्रश्न योग्य आहे. पाकिस्तानच्या ताब्यातल्या भागात १९७४ च्या अंतरिम संविधानाने पाकिस्तानातील विलीनीकरणाविरुद्ध बोलायलाच बंदी आहे. गिलगिट-बाल्टिस्तानचे कार्यकर्ते बाबा जान यांना दहशतवादविरोधी कायद्याखाली कित्येक वर्षे तुरुंगात काढावी लागली. वीजबिल आणि पिठाचे भाव यांवरून मे २०२४ मध्ये मुझफ्फराबादेत निघालेल्या मोर्चांत माणसे मेली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०१८ मध्ये दोन्ही बाजूंवर अहवाल दिला आणि भारताने तो पक्षपाती म्हणून फेटाळला. आमचे म्हणणे असे, की आपल्या बाजूची कागदपत्रे खुली असली तर पलीकडच्या अत्याचारांवर बोट ठेवायला आपला हात मोकळा राहील. तिकडे वाईट चालते म्हणून इकडे चौकशी नको, हा युक्तिवाद कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही.

कार्यवाही

या मागण्यांपैकी निम्म्यांना नवा कायदा लागत नाही. अहवाल प्रसिद्ध करणे, डीएनए तपासणी, विशेष पथक, पेलेटबंदी, मृतदेह परत देणे, नोडल अधिकारी नेमणे, ही सारी शासन आदेशाने होणारी कामे आहेत. त्यांचा निर्णय तीन महिन्यांत कळवावा. कायद्यातील दुरुस्त्यांची विधेयके संसदेच्या पुढील अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी मांडावीत.

महाराष्ट्राच्या खासदारांना आमची स्वतंत्र विनंती आहे. ४७ नकारांचा आकडा जगाला कळला तो संसदेत विचारलेल्या एका प्रश्नामुळे. म्हणून आपण येत्या अधिवेशनात हे चार प्रश्न तारांकित म्हणून विचारावेत. एक, १ जानेवारी २०१८ नंतर कलम ७ खाली किती परवानग्या मागितल्या गेल्या, किती मिळाल्या, किती नाकारल्या, कारणे कोणती? दोन, १९८९ पासून अतिरेक्यांनी मारलेल्या नागरिकांच्या किती गुन्ह्यांत आरोपपत्र झाले आणि किती सिद्ध झाले, धर्म व जिल्हा यांनुसार? तीन, २,१५६ अनोळखी मृतदेहांपैकी किती जणांची डीएनए ओळख पटली? चार, आज सार्वजनिक सुरक्षा कायद्याखाली किती जण आहेत आणि किती जण जम्मू-काश्मीरबाहेरच्या तुरुंगांत आहेत?

उत्तरे आल्यावर ती आम्ही मराठीत छापून जिल्ह्याजिल्ह्यांत वाटू. उत्तरे न आल्यास कोणत्या खासदाराने प्रश्न विचारला आणि कोणी विचारला नाही, हेही त्याच पत्रकात छापू.

कळावे.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणीचे सर्व सदस्य
(सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार)